फॅमिली रूम मिळेल का?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मीरा रोडला राहायला आल्यापासून एक काम मला न मागता चिकटलं आहे. गावाकडून फोन येतो. पाऊसपाणी, आंबा, कुणाचं लग्न ठरलं, कोण गेलं, सगळं बोलून होतं. मग पलीकडचा आवाज थोडा खाली येतो आणि खरा विषय निघतो, ‘‘भाई, मुंबईला यायचं आहे. स्टेशनाजवळ एखादं स्वस्तातलं हॉटेल बघून ठेवशील? फॅमिली बरोबर आहे.’’

आवाज खाली का येतो ते मला ठाऊक आहे. पूर्वी हीच माणसं ‘तुझ्याकडे उतरतो’ असं हक्कानं सांगायची. आता त्यांनाही कळलं आहे, की मीरा रोडच्या वन-रूम-किचनमध्ये आम्हीच एकमेकांना ओलांडून मोरीकडे जातो. मीरा-भाईंदरची वस्ती २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेली होती. त्यांतल्या बहुतेक घरांत वर्षाकाठी एक-दोनदा तरी असा फोन येत असणार. लांब पल्ल्याची गाडी आमच्याकडे थांबत नाही. पाहुणे मात्र थांबतात.

गेल्या वर्षी असाच फोन माझ्या मामेभावाचा आला, चिपळूणहून. मामीला परळच्या टाटा हॉस्पिटलात दाखवायचं होतं. मामी, मामेभाऊ, त्याची बायको आणि भाची, अशी चार माणसं. किती दिवस लागतील ते डॉक्टर सांगतील तेव्हा. परवडेल अशी खोली हवी, स्टेशनाजवळ हवी आणि बायकामाणसांना सुखानं राहता यावं अशी हवी. वाक्य साधं, पण ते घेऊन मी आठवडाभर फिरलो. त्या आठवड्यात जे कळलं आणि त्याआधी जे सोसून कळलं होतं, ते आज सांगतो.

आधी शब्दाचाच घोळ बघा. मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे खाण्याची जागा. चला, हॉटेलात जाऊ, असं म्हटलं की आपण भजी आणि चहाच्या तयारीनं निघतो, वळकटी घेऊन नाही. झोपायच्या जागेला आपण ‘लॉज’ म्हणतो, आणि हा शब्द उच्चारताना घरातले लोक जरा इकडेतिकडे बघतात. त्यामुळं लॉजवाल्यांनी पाटीवर गेस्ट हाउस, रेसिडेन्सी, इन अशी नावं रंगवली. ‘फॅमिली’ हा शब्दही खाण्याच्या हॉटेलातूनच आला. जुन्या इराण्याकडे किंवा उडुप्याकडे मागच्या बाजूला लाकडी आडोसा असे आणि त्यावर ‘फॅमिली रूम’ असं लिहिलेलं असे. अर्थ असा, की बाई बरोबर असेल तर इथं बसा, कुणी टक लावून बघणार नाही. तोच अर्थ पुढं लॉजच्या पाटीवर गेला. या शहरात फॅमिली म्हणजे ‘बाई बरोबर असलेला पुरुष’. हा अर्थ लक्षात ठेवा, त्याच्याशी पुढं गाठ आहे.

मुंबईत बाहेरून येणाऱ्या माणसाची सोय नव्हती असं नाही. होती, आणि तिला खोल मुळं होती. धोबी तलावच्या बाजूला गोव्याच्या ख्रिस्ती गावांचे ‘कूड’ आहेत. एकेका गावानं खोली घेऊन ठेवायची, गावच्या माणसानं तिथं ट्रंक ठेवायची, बोट मिळेपर्यंत किंवा नोकरी लागेपर्यंत राहायचं. आम्हा कोकणी मुसलमानांत तशाच जमातीच्या खोल्या असत, डोंगरी-माझगावच्या अंगाला. गिरणगावात चाळीतल्या एका खोलीत पाळीनं झोपणारे कामगार आणि त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळी होत्या. मी पहिल्यांदा मुंबई पाहिली ती वडिलांचं बोट धरून, आणि उतरलो ते अशाच जमातीच्या खोलीत. भिंतीला लागून ट्रंकांची रांग, वर दोरीवर लुंग्या, जहाजावरून आलेल्या कुणाचा तरी ट्रान्झिस्टर. मला फार आवडलं. घरी येऊन आईला वर्णन करून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘तिथं बायका कुठं उतरतात?’’

बायका उतरतच नसत. कूड काय, जमातीची खोली काय, गिरणीवाल्यांची खोली काय, मुंबईनं स्वस्तात झोपायची जी व्यवस्था उभी केली ती बहुतेक एकट्या पुरुषासाठी होती, कारण शहराला हवा होता तो त्याचा हात. कुटुंब गावी राही. कुटुंबासकट उतरायचं तर धर्मशाळा. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधल्या तशा यात्रेच्या गावी धर्मशाळा होत्याच. मुंबईतही व्यापारी समाजांनी बांधल्या. भुलेश्वर, सी. पी. टँकच्या परिसरात अशा जुन्या वास्तू अजून दिसतात. पण बऱ्याच ठिकाणी आधी ज्ञात विचारली जाई. आमच्याकडे क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दीक मुसाफिरखाना होता. १९९५ पर्यंत हाजी लोक मुंबईहून बोटीनं जेद्दाला जात. बोटीची वाट बघत दूरदूरची म्हातारी माणसं अशा मुसाफिरखान्यांत बोचकी उशाला घेऊन राहायची. मुसाफिराला आमच्याकडे मोठी सवलत आहे. त्याची नमाजसुद्धा आखूड होते. लॉजवाल्याचं बिल मात्र होत नाही.

असो. आता मुंबईला येणारं कुटुंब नोकरीसाठी ट्रंक ठेवायला येत नाही. ते हॉस्पिटलसाठी येतं, मुलीच्या परीक्षेसाठी येतं, व्हिसासाठी येतं, आखाताकडे जाणाऱ्या मुलाला विमानतळावर सोडायला येतं. त्याला एक-दोन रात्री किंवा फक्त एक दिवस पुरतो. नेमकी इथंच गोम आहे.

महाराष्ट्राच्या नकाशावर रात्रीच्या गाड्या बघा. कोल्हापूरची महालक्ष्मी, मराठवाड्यातून येणारी देवगिरी, विदर्भ एक्सप्रेस, आमची कोकणकन्या. सगळ्या रात्रभर धावतात आणि पहाटे किंवा सकाळी मुंबईत उतरवतात. म्हणजे आपलं कुटुंब सहा-साडेसहाला दात न घासता, मूल खांद्यावर टाकून लॉजच्या काउंटरसमोर उभं असतं. आणि काउंटरच्या मागं लहान अक्षरांत लिहिलेलं असतं, चेक-आउट दुपारी १२ वाजता.

याचा अर्थ नीट समजून घ्या. समजा, खोलीचं भाडं पंधराशे रुपये. तुम्ही सकाळी साडेसहाला आत गेलात. दुपारी बाराला लॉजवाल्याचा दिवस संपला. रात्री नऊच्या गाडीनं परत जायचं म्हणून तुम्ही आठपर्यंत थांबलात, तर तो दुसरा दिवस. झाले तीन हजार. तुम्ही राहिलात जेमतेम साडेतेरा तास, रात्री झोपलातही नाही, आणि भाडं दोन दिवसांचं. याउलट ज्या लॉजवर ‘२४ तास चेक-आउट’ अशी पद्धत आहे, तिथं साडेसहाला शिरलात तर दुसऱ्या दिवशी साडेसहापर्यंत खोली तुमची. तिथलं भाडं सतराशे असलं तरी ते स्वस्त. स्टेशनासमोरच्या जुन्या लॉजमध्ये ही चोवीस तासांची पद्धत अजून आढळते. त्यांचं गिऱ्हाईकच गाडीच्या वेळेनं येतं. मोबाइलवरून खोली ठरवतो तेव्हा मात्र बहुधा बारा वाजताचं किंवा त्याच्याही आधीचं घड्याळ असतं. मी स्वतः किती वर्षं भाडं आधी विचारत होतो. आता आधी घड्याळ विचारतो.

आणि फक्त आंघोळ-कपडे करून दिवसभराच्या कामाला जायचं असेल, तर लॉज हवाच असं नाही. मोठ्या स्टेशनांत रेल्वेच्या रिटायरिंग रूम आहेत. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर त्या आधी ठरवता येतात, काही ठिकाणी बारा तासांसाठीही. सीएसएमटीला आहेत, मुंबई सेंट्रलला आहेत. त्या मिळणं ही नशिबाची गोष्ट आहे, कारण खोल्या थोड्या आणि माणसं फार. पण विचारायला काही लागत नाही. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘पॉड हॉटेल’ सुरू झालं, कपाटाच्या खणासारख्या ४८ जागांचं. एकट्या तरुणाला ठीक आहे. माझ्या मामीला त्या खणात शिरायला सांगायची माझी तरी हिंमत झाली नसती. सामानासाठी क्लोक रूम आहे. पिशवीला कुलूप लागतं आणि तिकीट दाखवावं लागतं, एवढं घरून निघतानाच लक्षात ठेवलं की काम होतं.

आता ‘स्टेशनाजवळ’ म्हणजे कुठल्या स्टेशनाजवळ? गावाकडच्या माणसाला वाटतं, गाडी जिथं संपते तिथं राहावं. सीएसएमटीला उतरलं की पी. डिमेलो रोड, बोरा बाजार, क्रॉफर्ड मार्केट या भागांत लॉज आहेत. पण फोर्टातल्या जुन्या इमारतींत एका मोठ्या खोलीच्या फळ्या ठोकून चार खोल्या केलेल्या असतात. खिडकी चौथ्याला येते, तीन जणांना नाही. जिने उभे असतात, लिफ्ट असेलच असं नाही. मुंबई सेंट्रलच्या भोवती, लॅमिंग्टन रोडच्या बाजूला, तीच गोष्ट. म्हणून फोनवर ‘खिडकी आहे का, लिफ्ट आहे का, कमोड आहे का’ हे लाज न बाळगता विचारावं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला स्वस्त खोलीपेक्षा कमोड जास्त लागतो.

लोकमान्य टिळक टर्मिनस आणि बांद्रा टर्मिनस इथं उतरणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. या दोन्ही जागा लोकलच्या फलाटाला थेट लागून नाहीत. सामान घेऊन रिक्षा किंवा पायपीट आली. त्यातून मुंबईत शीवच्या आणि बांद्र्याच्या पलीकडे, म्हणजे दक्षिणेकडे, रिक्षा चालत नाही, टॅक्सीच घ्यावी लागते. परळच्या हॉस्पिटलात जाणाऱ्यानं हे गणित आधी मांडावं. कुर्ल्याला दोनशे रुपयांनी स्वस्त पडलेली खोली टॅक्सीत दोनदा बसलं की महाग होते.

खरं सांगायचं तर गाडी कुठं थांबते यापेक्षा काम कुठं आहे ते बघून स्टेशन निवडावं. कोकणकन्या सीएसएमटीला जाते, पण वाटेत ठाण्याला आणि दादरला थांबते. टाटात जायचं तर दादरला उतरणं सोयीचं; दादर पूर्वेला स्टेशनाच्या बाहेरच लॉज आहेत. विमानतळाचं काम असेल तर अंधेरी. आणि चार-आठ दिवस राहायचं असेल, माणसं धडधाकट असतील, तर बोरिवली, ठाणे, आमचं मीरा रोड-भाईंदर यांचा विचार करायला हरकत नाही. इकडे तेवढ्याच पैशांत खोली थोडी मोठी मिळते. फक्त एक गोष्ट. मीरा रोडचं नाव असलेले बरेचसे लॉज काशिमिऱ्याला, हायवेवर आहेत. तिथून स्टेशनाला यायला रिक्षा लागते, पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि सकाळच्या आठच्या विरार गाडीत मीरा रोडला चढणं हा काही पाहुण्यांना दाखवायचा खेळ नव्हे. मी आजारी माणसाला मीरा रोडला राहून परळला ये-जा कर, असं कधी सांगत नाही. प्रभादेवीला उतरून पूल ओलांडून हॉस्पिटल गाठताना धट्टाकट्टा माणूसही भिंत धरतो.

दुसऱ्या शहरांतही हाच हिशेब. हैदराबादला नामपल्ली, चेन्नईला एग्मोर, दिल्लीला पहाडगंज, हे स्टेशनासमोरचे स्वस्त मुलूख. दिल्लीच्या पहाडगंजात आपलं बृहन्महाराष्ट्र भवन आहे, कोलकात्याला हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. परमुलखात पिठलं-भाकरीच्या भाषेत बोलणारं कुणी असलं की बायकामाणसांना धीर येतो. तिथं आधी विचारून बघावं.

भाड्यावर कर लागतो, हेही माहीत असलेलं बरं. पूर्वी हजार रुपयांच्या आतल्या खोलीला जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२ पासून तिलाही बारा टक्के लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला तो पाच टक्के झाला आहे. म्हणजे पंधराशेच्या खोलीला पंचाहत्तर रुपये. शिवाय जादा गादीचे वेगळे, कुठं कुठं एसी चालू करायचे वेगळे. म्हणून प्रश्न असा विचारावा, ‘‘चार माणसं, जादा गादी, टॅक्स, सगळं धरून किती?’’ स्टेशनाच्या दारात ‘रूम चाहिए?’ म्हणत मागं लागणाऱ्याच्या बरोबर जाऊ नये. त्याचं कमिशन तुमच्याच भाड्यात बसतं. आणि इंटरनेटवर सापडलेल्या नंबरावर आगाऊ पैसे पाठवण्यापूर्वी तो नंबर खरंच त्या लॉजचा आहे ना, हे पाहावं. लॉजच्या, भक्तनिवासाच्या नावानं खोटे नंबर टाकून पैसे लुबाडणारे पुष्कळ आहेत. फसलातच तर ताबडतोब १९३० या नंबरवर तक्रार करावी. जितकी लवकर कराल तितके पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

आता त्या ‘फॅमिली’ शब्दाकडे परत येतो. माझी एक पुतणी दोन वर्षांपूर्वी परीक्षेसाठी एकटीच आली. हुशार मुलगी, पदवीधर, घरच्यांचा विश्वास. तिनं दोन ठिकाणी फोन केले. दोन्हीकडे उत्तर एकच, ‘सिंगल लेडी को नहीं देते.’ म्हणजे नवरा बरोबर असला तर फॅमिली, बाप बरोबर असला तर फॅमिली, एकटी असली तर संशय. पुरुषाला असं कुणी विचारत नाही. शेवटी ती आमच्याकडेच राहिली. अशा मुलींसाठी फोर्टात वायडब्ल्यूसीएचं निवासस्थान आहे. महाग नाही, पण आधी ठरवावं लागतं. लग्न न झालेल्या जोडप्यांचं तर विचारूच नका. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-अक्सा भागातल्या लॉजमधून पोलिसांनी कितीतरी सज्ञान जोडप्यांना उचलून नेलं, त्याचा मोठा गवगवा झाला. दोन सज्ञान माणसांनी खोली घेऊ नये असा कायदा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं. पण काउंटरवर कायदा बसत नाही, मॅनेजर बसतो.

आणि मॅनेजर आधार कार्ड बघतो. बघायलाच हवं, ज्या शहरानं सीएसएमटीच्या फलाटांवर २६ नोव्हेंबर २००८ पाहिलं, तिथं उतरणाऱ्याची ओळख तपासण्यात गैर काही नाही. प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा. नुसत्या झेरॉक्सवर अडवतात, आणि पॅन कार्डावर पत्ता नसल्यामुळं ते बऱ्याच ठिकाणी चालत नाही. प्रत द्यायचीच झाली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार काढून घेता येतं, ते द्यावं. मात्र एक अलिखित नियम आहे, ‘लोकल आधार चालत नाही.’ मुंबई-ठाण्याचा पत्ता असलेल्याला खोली द्यायची नाही. का? तर घर असताना हा लॉजवर का आला?

२९ ऑगस्ट २०१७. तारीख अनेकांना आठवत असेल. मी आणि माझी पत्नी परळच्या एका हॉस्पिटलात नातेवाइकाला बघायला गेलो होतो. दुपारी लोकल बंद पडल्या. गुडघाभर पाण्यातून चालत दादरला आलो. अंधार पडला तशी एका लॉजची पायरी चढलो. रूम आहे? आहे. भाडं सांगितलं, मी हो म्हटलं. आधार? मी दोघांची कार्डं पुढं केली. त्यानं ती उलटी केली, सुलटी केली, परत उलटी केली. ‘‘लोकल आधार नाही चालत.’’ मी म्हटलं, गाड्या बंद आहेत, बाई भिजली आहे. त्यानं कार्डांवर पुन्हा नजर टाकली आणि म्हणाला, ‘‘तशा रूम पण भरल्या आहेत.’’ दोन मिनिटांपूर्वी खोली होती, आता नव्हती. त्याला माझा पत्ता नडला की माझं नाव, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. भांडलो नाही. भिजलेल्या माणसाला वाद सुचत नाही. गणपतीचे दिवस होते. जवळच्या एका मंडळानं अडकलेल्या लोकांसाठी मांडव उघडा ठेवला होता. मागच्या बाजूला, सजावटीच्या सामानाशेजारी, सतरंजीवर आम्ही रात्र काढली. पहाटे चहा आला.

माझं दुखणं एका रात्रीचं. पण खोलीच्या वहीत नाव लिहिण्याची गोष्ट निघाली की मला बडोद्याचं स्टेशन आठवतं. परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी तिथं उतरले, तेव्हा पहिला प्रश्न राहायचं कुठं हाच होता. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. एका पारशी मुसाफिरखान्यात ते गेले; दिवसाला दीड रुपया दर होता. तिथं पारश्याखेरीज कुणाला घेत नसत, म्हणून वहीत पारशी नाव लिहून राहावं लागलं. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांनी संध्याकाळच्या आत जागा सोडायला सांगितलं. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडेही आसरा मिळाला नाही. शेवटी मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी कामाठी बागेत वेळ काढला. हे त्यांनीच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवलं आहे. खिशात पैसे होते, मोठी पदवी होती, नोकरी होती, खोली नव्हती.

आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणाला दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात जायला मज्जाव करता येणार नाही असं म्हटलं आहे. घटनेत ‘हॉटेल’ हा शब्द मुद्दाम लिहिलेला आहे. शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही तो पाठ केला. तो कशासाठी घातला असेल, ते मला बडोद्याची हकिगत वाचल्यावर समजलं.

पंढरपुरातही हेच होतं. जातीजातींच्या धर्मशाळा, मठ. आणि ज्यांना कुठंच थारा नाही त्यांच्यासाठी गाडगे महाराजांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ मध्ये ती वास्तू त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. अंगावर चिंध्या, हातात गाडगं, स्वतःचं घर नाही, असा तो माणूस, आणि महाराष्ट्रात सर्वांत जास्त लोकांच्या डोक्यावर छप्पर घालणाऱ्यांत त्याचं नाव येतं. दादर पूर्वेला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथं अगदी थोड्या पैशांत राहतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, बांद्र्याला बोर्जेस मेमोरियल होम आहे. गावाकडच्या लोकांना यांतलं काहीच माहीत नसतं. ते थेट लॉजवर येतात, चार दिवसांत औषधाचे पैसे भाड्यात घालवतात आणि मग टाटाच्या समोरच्या फुटपाथवर चटई टाकतात. त्या फुटपाथवरून संध्याकाळी एकदा चालून पाहा. स्टोव्हवर खिचडी शिजवणारी कुटुंबं दिसतील, बंगालची, बिहारची, आपल्या बीड-नांदेडची.

अशा जागी थेट जाऊन खोली मिळत नाही. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून चिठ्ठी घ्यावी लागते आणि चिठ्ठीसाठी आधी हॉस्पिटलात नाव नोंदवावं लागतं. म्हणजे पहिल्या एक-दोन रात्री लॉज लागतोच. म्हणून मामेभावाला मी असं सांगितलं: दादरला उतरा. चोवीस तासांच्या पद्धतीचा लॉज मी बघून ठेवतो. पहिल्या दिवशी मामीची नोंद झाली की त्याच दिवशी समाजसेवा विभागात जाऊन राहण्याच्या सोयीचा अर्ज द्या, डॉक्टर काय म्हणतात त्याची वाट बघू नका. नंबर लागायला वेळ लागतो.

लॉज मी फोनवर ठरवला नाही. स्वतः जाऊन खोली पाहिली, नळ सोडून पाहिला, गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं ते विचारलं. आडनावासकट चारही नावं मॅनेजरला आधीच लिहून दिली. काय ते तेव्हाच कळलेलं बरं, पहाटे पाच वाजता दारात कळण्यापेक्षा. त्या भल्या माणसानं कागद वाचला, खिळ्याला टोचला आणि म्हणाला, ‘‘पेशंट आहे ना? मग पहिल्या मजल्यावरची देतो.’’

पहाटे मी दादरला त्यांना उतरवून घेतलं. मामेभाऊ वही भरायला बसला. नाव, वय, कुठून आले, कुठं जाणार. पुढचा रकाना होता, येण्याचे कारण. त्यानं ‘दवाखाना’ लिहायला पेन टेकवलं तेवढ्यात बाकावर बसलेल्या मामीनं विचारलं, ‘‘काय लिहितोस?’’ त्यानं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘तसं नको लिहू. मुंबई बघायला आले, असं लिही.’’

मॅनेजरनं काही हरकत घेतली नाही.